‘मराठी मीडियमचा आहे, झेपेल का?’

पहिल्या सेमिस्टरचा निकाल लागला की ठाण्यातल्या माझ्या मार्गदर्शन केंद्रात हा प्रश्न हमखास येतो. यंदा मुरबाडकडचे एक वडील आले (तपशील बदललेत). मुलगा नवी मुंबईत मेकॅनिकलला. लेखीत पास, मेकॅनिक्सच्या व्हायवात (तोंडी परीक्षेत) नापास. “काढतो तिथून, आयटीआयला घालतो,” वडील म्हणाले. मुलगा खाली मान घालून बसलेला.

मी कोरा कागद पुढे सरकवला. काय विचारलं होतं ते काढून दाखव, म्हटलं. त्याने भिंतीला टेकवलेली शिडी काढली. “खालचं टोक भिंतीपासून लांब सरकणार, म्हणून जमिनीचं फ्रिक्शन, म्हणजे घर्षण, भिंतीकडे,” बाण मारत तो म्हणाला. “वरचं टोक खाली घसरणार, म्हणून तिथे फ्रिक्शन वर.” माझं विज्ञान दहावीला सुटलं, तरी मला समजलं!

“मग हे सरांना का नाही सांगितलंस?”

“मराठीत सुरुवात केली. सर म्हणाले, कुठल्या गावचा रे? सगळे हसले. मग काहीच आठवेना.”

मराठीतून इंजिनिअरिंग निघालंय, तिकडे टाकू का, असं वडिलांनी विचारलं. निघालंय खरं. 2020 च्या शैक्षणिक धोरणानंतर, 2021-22 पासून एआयसीटीईने (तंत्रशिक्षणाची देशपातळीवरची परिषद) भारतीय भाषांतून पदवीला परवानगी दिली आणि पिंपरी-चिंचवडच्या एका कॉलेजात कॉम्प्युटर शाखा मराठीतून सुरूही झाली. पण विषय येत असताना याने आपली शाखा का सोडायची? फाडफाड इंग्रजीला मार्क देणारे परीक्षक सुधारायचे सोडून आपण पोरांनाच हलवत बसतो.

मुलाला सांगितलं, उत्तराची सुरुवात आकृतीने कर, बाणावर बोट ठेवून मोडकंतोडकं बोल. वडिलांना कॉलेजकडे अर्ज करायला सुचवलं. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोग) 2012 च्या समानतेच्या नियमावलीत भाषेवरून होणारा भेदभावही येतो आणि त्यासाठी समान संधी कक्षाची तरतूद आहे. वडील बिचकले. “पोरावर डूख धरतील हो.” भीती अगदीच खोटी नाही. मग सरांचं नाव न घालता, आकृती काढून मराठीत समजावायची मुभा सगळ्यांनाच द्या, एवढंच लिहिलं.

पुढच्या खेपेला मुलाची व्हायवाची केटी (राहिलेली परीक्षा) सुटली. परीक्षक दुसरे होते. अर्जाचं उत्तर अजून आलेलं नाही. वडील आता दर महिन्याला ऑफिसात जाऊन विचारतात.