चित्र वाळायच्या आत किंमत लावू नका

पत्राचा सारांश: "इचलकरंजीत आमचा कापडाचा व्यवसाय आहे. मुलगी यंदा बारावी कॉमर्सला ७१ टक्क्यांनी पास झाली. जलरंगात हात चांगला आहे, इंटरमिजिएट ड्रॉइंगच्या परीक्षेला ए ग्रेड आहे. गेल्या दिवाळीत मी तिच्या चित्रांचं इन्स्टाग्राम खातं उघडून दिलं. रोज रात्री नऊला एक चित्र टाकायचं असं ठरवलं. पहिल्या महिन्यात अडीच हजारांनी चार चित्रं गेली. मग विक्री थांबली. किंमत नऊशेवर आणली, तरी एकच गेलं, आणि तेही 'फोटोतला रंग वेगळा होता' म्हणून परत आलं. एका गृहस्थांनी विकल्या गेलेल्या पंचगंगा घाटासारखंच दुसरं मागितलं, ॲडव्हान्सही दिला. ती करायला तयार नाही. दोन महिने ब्रशला हात लावलेला नाही. नुसता आळस. चित्रं विकली जातील असा कोणता कोर्स करावा? वर्षभरात रंग-कागदाचा खर्च निघाला नाही तर बी.कॉम.ला घालणार आहे."

नमस्कार.

मुलीला चित्रकलेपासून तोडणारे वडील असतात, तसे तुम्ही नाही. तुम्ही पैसे घातले, वेळ दिला, तिच्या कामाचा अभिमान बाळगला. म्हणूनच पुढचं जरा कडक लिहितो आहे. तुमच्या पत्रात तिच्या खात्याचे आकडे तारीखवार आहेत, पण ती काय रंगवते, तिला काय रंगवायचं आहे, याबद्दल एक ओळ नाही. मार्कांची मला काळजी नाही. काळजी आहे ती रात्री नऊच्या पोस्टची.

क्लास संपवून मुलगी संध्याकाळी सहाला बसते असं धरू. क्वार्टर शीट, म्हणजे ११ × १५ इंच. रेखाटन, आकाशाचा पहिला वॉश (पाणीदार रंगाचा पसरट थर), तो वाळेपर्यंत थांबणं, मधल्या अंतराचे टोन (फिक्या-गडद छटा), पुन्हा थांबणं, शेवटी गडद भाग. कोरड्या हवेत एक वॉश वीस-पंचवीस मिनिटांत वाळतो, पावसाळ्यात तासभरही ओला राहतो. घड्याळ पुढे सरकत असलं की हात अर्धवट ओल्या कागदावर जातो. कागदाची चकाकी गेलेली असते पण तो हाताला गार लागतो, तीच वेळ सगळ्यात वाईट. त्यावर पाणीदार रंग पडला की आधीचा रंग ढकलला जातो आणि कातरलेल्या काठाचा डाग उठतो. तो लपवायला वर आणखी रंग, मग चिखल. जलरंगात पांढरा म्हणजे कोरा राखलेला कागद. तो एकदा झाकला गेला की तसा परत मिळत नाही. हे दोन-चार वेळा झालं की मूल शहाणं होतं आणि हमखास जमणारं तेवढंच काढू लागतं. तोच घाट, तीच नाव, तेच प्रतिबिंब. पाच महिने असं केल्यावर ब्रश उचलावासा वाटला नाही, तर त्याला मी आळस म्हणणार नाही. (झोप, जेवण, मैत्रिणी हेही तुटलं असेल तर मात्र थेट समुपदेशकाकडे जा, तो विषय चित्रांचा उरत नाही.)

चित्र तयार होतं कसं, हे तुम्हाला कुणी सांगितलेलं दिसत नाही. एक विषय घेतला की आधी दोन-तीन इंचांची पाच-सहा छोटी रेखाटनं होतात. त्यात फक्त एवढंच ठरतं की सगळ्यात गडद कुठे, सगळ्यात उजळ कुठे, नजर कुठून आत शिरणार. मग एकाच रंगात, सेपिया या तपकिरी किंवा पेन्स ग्रे या निळसर करड्या रंगात, तीन टोनचा अभ्यास. इथे जे उभं राहत नाही ते रंगांनी उभं राहत नाही. त्यानंतर रंगीत चित्र, तेही तीन-चारदा: सकाळचा उजेड, भर दुपार, एकदा घाटाच्या पायऱ्या वगळून फक्त पाणी. झालेलं चित्र भिंतीकडे तोंड करून पंधरा दिवस ठेवायचं, मग आरशात उलटं करून बघायचं. चूक तिथे ताबडतोब दिसते. दहा चित्रांतून दोन-तीन बाहेर दाखवण्याजोगी निघाली तर तो महिना उत्तम गेला. उरलेले कागद वाया गेले असं तुम्ही लिहिलं आहे. त्यांच्या पाठी रंग तपासायला वापरता येतात, आणि ती सात-आठ चित्रं झाली नसती तर ही दोन-तीनही झाली नसती. अमूर्त चित्रांसाठी नावाजलेले वासुदेव गायतोंडे वर्षाकाठी मोजकीच पाच-सहा कॅनव्हास पूर्ण करत. अठराव्या वर्षी त्यांचा कित्ता गिरवायचा नसतो, या वयात भरपूर काम व्हायलाच हवं. पण केलेलं सगळं त्याच रात्री चव्हाट्यावर मांडायचं हा नियम कुठल्या चित्रकारानं पाळला आहे?

आता तुमचा मोठा गैरसमज. पोस्ट वाढल्या की गिऱ्हाईक वाढतं, आणि गिऱ्हाईक थांबलं की भाव पाडला की ते परत येतं, असं तुम्ही धरून चालला आहात. पहिली चार चित्रं कुणी घेतली हे तुम्हीच लिहिलं आहे: मामा, शेजारी आणि तुमचे दोन व्यापारी मित्र. ती विक्री नव्हती, आहेर होता. त्यावरून बाजार ओळखता येत नाही, आणि तो थांबला म्हणून चित्रं पडली असंही होत नाही. त्यात तुम्ही अडीच हजारांचे नऊशे केलेत. शिल्लक थान सिझन उलटल्यावर उतरत्या भावानं काढणं तुमच्या धंद्यात बरोबर आहे. चित्रात मात्र ज्यानं आधी अडीच हजार मोजले त्याला तुम्ही फसवल्यासारखं होतं आणि नवीन माणूस 'थांबू, आणखी उतरेल' म्हणून हात आखडतो. नवशिक्यानं दर चौरस इंचावर ठरवावा. क्वार्टर शीट १६५ चौरस इंच, दर १२ रुपये धरला तर १,९८०. हाफ शीट, १५ × २२ इंच, त्याच दरानं ३,९६०. माउंट (चित्राभोवतीची पुठ्ठ्याची चौकट) आणि फ्रेम वेगळी. एका आकाराला एकच किंमत, मग ते चित्र तिचं लाडकं असो की नसो. दर खाली आणायचा नाही, वर्षातून एकदा थोडा वर न्यायचा. पुढे गॅलरीत चित्र लागलं की ती तिसरा हिस्सा, कधी निम्मा घेते, तरी घरची आणि गॅलरीतली किंमत एकच ठेवावी लागते. तेव्हा आजचा दर ठरवताना गॅलरीच्या त्या हिश्श्याला जागा धरून ठेवा.

'तसंच दुसरं' तिनं नाकारलं यात तिचं काहीही चुकलेलं नाही. जलरंगाचा वॉश पुन्हा तसाच उतरत नाही, उतरवायला गेलं की चित्र ताठर होतं. आणि पहिलं ज्यानं विकत घेतलं त्याला ते एकमेव म्हणून दिलेलं आहे. विषय तोच, उजेड वेगळा, चित्र नवं, एवढं कबूल करता येतं. तेही तिची इच्छा असेल तर. पुढे कधी ऑर्डर घेतलीच तर व्हॉट्सॲपवर का होईना, लेखी घ्या: आकार, विषय, निम्मी रक्कम आगाऊ, बदल फक्त कच्च्या रेखाटनावर. कॉपीराइटची एक ओळ हवीच. तयार चित्र विकलं तर कॉपीराइट चित्रकाराकडेच राहतो, घेणाऱ्याला त्याचं कॅलेंडर छापता येत नाही. पण पैसे घेऊन कुणाच्या सांगण्यावरून चित्र काढलं, तर वेगळा करार नसल्यास १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ प्रमाणे पहिला मालक तो सांगणारा ठरतो. बहुतेकांना हे ठाऊक नसतं.

परत आलेल्या चित्राचा दोष मला फोटोत दिसतो. रात्री नऊची पोस्ट म्हणजे फोटो ट्यूबलाइटखाली. त्यात कागद निळसर किंवा हिरवट येतो, मग फिल्टर लावून तो 'उठावदार' केला जातो. फोटो सकाळी दहा-अकराला व्हरांड्यात, सावलीत घ्या. ऊन थेट नको, फ्लॅश नको. चित्र भिंतीला टेकवून सरळ, फोन त्याला समांतर, जरा लांबून दुप्पट झूमवर, म्हणजे कडा वाकत नाहीत. शेजारी साधा पांढरा कागद ठेवा आणि फोटोत तो पांढरा दिसेपर्यंतच दुरुस्ती करा.

एक शंका रंगाचीही आहे. तुम्ही पाठवलेल्या कमळाच्या दोन चित्रांत भडक गुलाबी आहे. ओपेरा नावानं मिळणारे बहुतेक गुलाबी आणि जुन्या पद्धतीचा अलिझरिन क्रिमझन उजेडात उडतात, भिंतीवर वर्ष-दोन वर्षांत चित्र फिकं पडतं. विकायच्या चित्रात ट्यूबवरचा पिगमेंटचा (मूळ रंगद्रव्याचा) क्रमांक वाचूनच रंग घ्यावा. पीआर ८३, म्हणजे तोच जुना अलिझरिन, दिसला तर तो सरावाला ठेवा. घरच्या घरी तपासायचं तर प्रत्येक रंगाची पट्टी ओढून अर्धी जाड पुठ्ठ्यानं झाका आणि उन्हाच्या खिडकीत तीन महिने लावा. पावसाळा संपल्यावर, आता नव्हे. कागद १०० टक्के कॉटन, ३०० जीएसएम वजनाचा. आर्ट पेपरच्या स्वस्त पॅडवरचं चित्र विकू नये, तो पिवळा पडतो.

कोर्सबद्दल थोडक्यात. चित्रं विकायला शिकवणारा कोर्स नाही. चित्रकला शिकायची असेल तर बी.एफ.ए. ही कलेची पदवी, त्याला राज्याची एएसी सीईटी ही प्रवेश परीक्षा, कोणत्याही शाखेची बारावी चालते. यंदाची परीक्षा गेली, पुढच्या वर्षीची धरा. मुंबईचं सर जे.जे. कला महाविद्यालय २०२३ पासून अभिमत विद्यापीठ आहे, त्याची माहितीपुस्तिका वेगळी पाहा. कोल्हापूर-सांगली-पुण्याची कला महाविद्यालयं आहेत, ए.टी.डी. ही पदविका हा कलाशिक्षकाचा मार्ग आहे. सीईटीत वस्तुचित्र, संकल्पचित्र आणि स्मरणचित्र असतं. स्मरणचित्रात माणसं लागतात: बाजार, बसथांबा, हळदीकुंकू. घाट आणि नावा काढत बसलेल्या मुलीची तिथेच पंचाईत होते. तेव्हा हे वर्ष एसटी स्टँडवर आणि भाजी मंडईत स्केचबुक घेऊन घालवू द्या, दोन-दोन मिनिटांच्या आकृत्या. त्या कुठेही टाकायच्या नाहीत.

आणि बी.कॉम. शिक्षा म्हणून देऊ नका. तिला स्वतःला हवं असेल तर जरूर करू दे, चित्रकारालाही हिशोब लागतो. पण 'खर्च निघाला नाही तर' ही अट अन्यायाची आहे. निव्वळ चित्रविक्रीवर सुरुवातीची वर्षं निभावणारे थोडे. बाकीचे शिकवतात, पुस्तकांसाठी चित्रं काढतात, भिंती रंगवतात, डिझाइनचं काम करतात. बारावी झालेल्या मुलीकडून वर्षभरात त्याच्या उलट घडावं अशी अपेक्षा ठेवून तुम्ही तिला नापासच करायचं ठरवलं आहे.

तुम्हाला हातभार लावायचाच आहे, तर तुमच्या हातचं काम सांगतो. खात्याचा पासवर्ड तिला द्या आणि तुमच्या फोनमधून ते काढून टाका. सहा महिने विक्री बंद. नंतर तिला वाटलं तर आठ-दहा चित्रांचा एक संच तीन-चार महिन्यांतून एकदा, ठरलेल्या तारखेला. त्याआधी तिला रुचेल तेवढी रेखाटनं आणि टोनचे अभ्यास दाखवता येतात, गिऱ्हाईक त्यातच गुंततं. प्रत्येक चित्राखाली आकार, कागद, किंमत, फ्रेम आहे की नाही हे उघड लिहावं. 'किमतीसाठी मेसेज करा' वाचून बरेच लोक न विचारताच निघून जातात. कोणतं चित्र संचात जाईल हे तीच ठरवेल. तिथे तुमचं मत नको, आईचंही नको.

वही आणि पॅकिंग तुम्ही सांभाळा. वहीत चित्राचा क्रमांक, आकार, कागद, रंग, तारीख, घेणारा, रक्कम. चित्रामागे सही-क्रमांक पेन्सिलीनं, बॉलपेननं नाही. त्याचा दाब पुढे उमटतो. कुरिअरला चित्र आडवं सपाट जाऊ द्या, गुंडाळी नको: आधी बटर पेपर, मग प्लास्टिक, मग चारही बाजूंनी दोन-दोन इंच मोठे दोन कोरूगेटेड पुठ्ठे, एकाच्या नळ्या उभ्या, दुसऱ्याच्या आडव्या, म्हणजे पार्सल वाकत नाही. चित्राला सेलोटेप लावायची नाही, ती पिवळी पडते आणि काढताना कागद सोलते. काचेची फ्रेम कुरिअरनं पाठवू नका. गावातच द्यायची असेल तर मधे माउंट घालून काच कागदापासून दूर ठेवा, चिकटून राहिली तर आपल्याकडच्या पावसात बुरशी धरते.

परत आलेल्या चित्राचे नऊशे रुपये कुरिअरच्या खर्चासह गिऱ्हाइकाला परत करा. घाटवाल्या गृहस्थांनाही फोन करून ऑर्डर रद्द झाल्याचं सांगा आणि ॲडव्हान्स पाठवून द्या. हा फोन तुम्ही करा. ऑर्डर तुम्ही घेतली होती, तिनं नाही.