सेंट ऑगस्टीनचा मनोरा

प्रश्न: आईला घेऊन गोव्याला जातोय. जुन्या गोव्यातले सेंट ऑगस्टीनचे भग्नावशेष पाहावेत का? तिचे गुडघे दुखतात.

उत्तर: अवश्य पाहा. गाडी टेकडीवर न्या, म्हणजे आईंना चढ लागणार नाही. १६०२ मध्ये पूर्ण झालेल्या या चर्चचं छत १८४२ साली कोसळलं. चार मनोऱ्यांपैकी जांभ्याचा एकच उरलाय, तोही अर्धा. मी मात्र तिथे जमिनीकडेच बघत राहते: पायाखाली थडग्यांच्या शिळा आहेत, त्यांवर नावं आणि कुळचिन्हं कोरलेली. त्यांवरून चालताना जीव गलबलतो. जॉर्जियाच्या राणी केतेवानचे अवशेष इथेच सापडले. २०२१ मध्ये त्यांतला काही भाग भारताने जॉर्जियाला दिला. इथली घंटा पणजीच्या चर्चमध्ये आहे, तीही आईंना दाखवा. सावली फारशी नाही, सकाळीच जा.