डाइव्ह झाल्यात, पण लॉगबुकच नाही!

प्रश्न : ताई नमस्कार. मी पुण्याचा, वय ३४. २०१५ ला अंदमानात हॅवलॉकला स्कूबा डायव्हिंगचा पहिला कोर्स, म्हणजे पॅडी या संस्थेचं ओपन वॉटर केलं, पुढच्या वर्षी तिथेच त्यापुढचं ॲडव्हान्स्ड पण केलं. मग नेत्राणी, पाँडिचेरी, परत दोनदा अंदमान असं करत साधारण ४५ डाइव्ह तरी झाल्या असतील. सुरुवातीच्या १२ लॉगबुकमध्ये, म्हणजे डाइव्हच्या नोंदवहीत लिहून ठेवल्या होत्या, नंतर कंटाळा केला, आणि घर बदलताना ती वही पण गेली. कार्डही सापडत नाहीये. आता रेस्क्यू (बचावाचा कोर्स) आणि मग डाइव्हमास्टर (इतरांना पाण्यात घेऊन जाणाऱ्याचा कोर्स) करायचंय तर सेंटरवाले म्हणतात ४० लॉग्ड डाइव्ह दाखवा. मित्र म्हणतो नवी वही आण, एका रात्रीत बसून भर, कोण तपासतंय. शेवटची डाइव्ह २०१९ ची आहे. काय करू?

उत्तर : आधी कार्डाची काळजी सोडा. प्लॅस्टिकचं कार्ड हरवलं तरी तुमचं सर्टिफिकेशन पॅडीच्या रेकॉर्डला असतं, नाव आणि जन्मतारीख दिली की सेंटरवाले शोधू शकतात, फक्त तेव्हा फॉर्मवर नावाचं स्पेलिंग काय लिहिलं होतं आणि ईमेल कुठला दिला होता ते आठवून सांगा, बहुतेक वेळा गाडी तिथेच अडते.

दुसरं म्हणजे रेस्क्यूसाठी पॅडीकडे डाइव्हच्या आकड्याची अट नाहीये. ॲडव्हान्स्ड झालंय म्हणजे नेव्हिगेशनची डाइव्ह त्यात झालेली आहे, बाकी प्रथमोपचार आणि सीपीआरचं ट्रेनिंग गेल्या २४ महिन्यांतलं हवं, ते रेस्क्यूसोबतच करता येतं. ४० चा आकडा लागतो तो डाइव्हमास्टर सुरू करताना, आणि संपताना ६० व्हाव्या लागतात. म्हणजे तुमच्या हातात वेळ आहे.

आता मित्राच्या सल्ल्याबद्दल. कृपा करून असं करू नका. मी एका कोर्सला असिस्ट करत होते तेव्हा एक जण अगदी सुंदर लॉगबुक घेऊन आला होता, पन्नासच्या वर डाइव्ह, पण सगळ्या एकाच पेनाने आणि जवळजवळ प्रत्येक डाइव्ह १८ मीटर, ४५ मिनिटं. पहिल्याच डाइव्हला त्याच्या मास्कमध्ये थोडं पाणी गेलं, जे काढायला ओपन वॉटरलाच शिकवतात, आणि तो सरळ वर निघाला. इन्स्ट्रक्टरने पायाला धरून थांबवलं म्हणून निभावलं. श्वास रोखून झटकन वर आलात तर फुप्फुसं फाटू शकतात हो, आणि त्यासाठी फार खोलही जावं लागत नाही, १० मीटरवरून वर येताना छातीतली हवा दुप्पट होते. तो दिवस मला अजून आठवतो. आणि तुम्हाला तर डाइव्हमास्टर व्हायचंय, म्हणजे उद्या कुणाची तरी आई, कुणाचा तरी नवरा तुमच्या भरवशावर पाण्यात उतरणार! त्या ४० डाइव्ह त्यांच्यासाठी मागतात.

मग करायचं काय, तर एक रविवार काढा आणि खरा हिशोब जुळवा. फोनमधले फोटो तारखेनुसार लावा, विमानाची तिकिटं, सेंटरला केलेले पेमेंट, बुकिंगचे मेल, व्हॉट्सॲपवरचं बोलणं सगळं काढा. ज्या सेंटरमध्ये गेला होतात तिथे मेल टाका, काही जण जुने फॉर्म आणि बोटीच्या याद्या जपून ठेवतात. आणि सगळ्यात चांगला पुरावा म्हणजे तुमचा बडी, डाइव्हचा जोडीदार. तो पाण्यात तुमच्यासोबतच होता, त्याने लॉग लिहिला असेल तर तीच डाइव्ह तुमचीही आहे, त्याच्याकडून तारीख, जागा, खोली, वेळ उतरवून घ्या आणि सही पण घ्या. जे आठवत नाही ती चौकट रिकामी सोडा. पहिल्या पानावर स्पष्ट लिहा की हे नंतर पुराव्यांवरून लिहिलंय. मग ते सगळं घेऊन इन्स्ट्रक्टरसमोर बसा आणि जे खरं आहे ते सांगा, किती धरायच्या हे तो ठरवेल. समजा ३१ च धरल्या, तर ९ कमी पडल्या एवढंच ना, नऊ डाइव्ह करणं ही काय शिक्षा आहे का?

तशाही त्या तुम्हाला करायलाच हव्यात, कारण २०१९ नंतर पाण्यात नाही आहात. आधी रिफ्रेशर घ्या, पूलमध्ये मास्क काढणं-घालणं, तोंडातून सुटलेला रेग्युलेटर (ज्यातून टाकीतली हवा घेतो तो) शोधणं, हवेत तरंगल्यासारखं एका जागी थांबणं, मग उथळ समुद्र. तारकर्लीला एमटीडीसीच्या सेंटरला ट्रेनिंग पूल आहे, पुण्याहून जायलाही सोपं. फक्त पावसाळ्यात समुद्र बंद असतो, तर ऑक्टोबरनंतरचं बघा. आणि पोहायची प्रॅक्टिस आत्तापासूनच धरा, डाइव्हमास्टरला ४०० मीटर न थांबता पोहायचं असतं, १५ मिनिटं तरंगायचं असतं, तिथे वही कामाला येत नाही.

प्रश्न : मॅडम, मी मालवणला सहा वेळा स्कूबा केलंय, प्रत्येक वेळचा व्हिडिओ आणि सर्टिफिकेट आहे. यावर डायरेक्ट ॲडव्हान्स्ड मिळेल का? — कोल्हापूर

उत्तर : नाही मिळणार. वाईट वाटून घेऊ नकोस, तुला पाण्याची भीती नाही हे त्यातून नक्की कळतं आणि ते मोठंच आहे. पण त्या सहाही वेळा तुझ्या टाकीला धरून एक दादा होता, हवा किती उरली ते तो बघत होता, वर-खाली तोच करत होता. ते कागद आठवण म्हणून छान आहेत, डाइव्हरचं कार्ड नाहीत. आधी ओपन वॉटर कर, थिअरी, पूल आणि समुद्रातल्या ४ डाइव्ह, मग १८ मीटरपर्यंत बडीसोबत जाता येतं. पॅडीचं ॲडव्हान्स्ड त्यानंतर लगेच करता येतं, ५ डाइव्हचा कोर्स आहे. एसएसआय या दुसऱ्या संस्थेकडे मात्र त्याच नावाचं कार्ड ४ स्पेशॅलिटी (एकेका विषयाचे कोर्स) आणि २४ डाइव्ह झाल्यावर मिळतं. त्यामुळे फी भरताना नुसतं नाव ऐकून हो म्हणू नकोस, कुठल्या संस्थेचं आणि किती डाइव्हचं ते विचार.

प्रश्न : आम्ही मस्कतला असतो, दिमानियात बेटांवर वीकेंडला डाइव्ह करतो. मी वही ठेवत नाही, सगळं डाइव्ह कॉम्प्युटरमध्ये (पाण्यात खोली आणि वेळ नोंदवणारं छोटं यंत्र) आहे. पुढच्या कोर्सला ते चालतं का?

उत्तर : बहुतेक ठिकाणी चालतं, आणि मला तर ते वहीपेक्षा जास्त आवडतं, कारण मिनिटामिनिटाचा खोलीचा ग्राफ असतो. कुठे भरकन वर आलात, वर येताना थोडं थांबतो त्या सेफ्टी स्टॉपला ५ मीटरवर स्थिर होतात की दोरीसारखे हेलकावत होतात, सगळं दिसतं. टेक्निकलकडे, म्हणजे जास्त खोल आणि अवघड डायव्हिंगकडे जायचा विचार असेल तर हे फार उपयोगी पडेल, पॅडीच्या टेक ४० कोर्सला ३० डाइव्ह मागतात आणि त्यातल्या १० नायट्रॉक्सवर (जास्त ऑक्सिजन असलेल्या हवेवर) १८ मीटरच्या खाली झालेल्या हव्यात, त्यामुळे कुठल्या डाइव्हला कुठला गॅस होता ते कॉम्प्युटरमध्ये नीट सेट केलेलं असू द्या.

पण कॉम्प्युटरच्या मेमरीवर विसंबू नका, ती भरली की जुन्या डाइव्ह आपोआप पुसल्या जातात. भाड्याचा कॉम्प्युटर असेल तर तो परत करायच्या आधी तिथेच स्क्रीनचे फोटो काढा. घरी आल्यावर डाउनलोड करून ठेवा, सबसर्फेस नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, लिनक्सवाल्या लिनस टोरवाल्ड्सने २०११ मध्ये सुरू केलेलं, त्यात वेगवेगळ्या कंपन्यांचे कॉम्प्युटर चालतात. आणि बडीचं नाव, घातलेलं वजन, टाकीतल्या किती बार दाबावर सुरू केलं आणि किती बारवर वर आलात, एवढं त्याच संध्याकाळी टाईप करून ठेवा.