घरी काडतुसं भरून लष्करी मॅच-ग्रेडची अचूकता मुंबईत मिळवता येईल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: परदेशातले रायफल नेमबाज रिकाम्या पुंगळ्या घरी पुन्हा भरून लष्करी मॅच-ग्रेडच्या, म्हणजे स्पर्धेत चालेल इतक्या अचूक, काडतुसांच्या तोडीची काडतुसं करतात. मुंबईत राहून १० मीटर एअर रायफल मारणाऱ्या आणि आता .२२ (०.२२ इंच बोअरच्या) रायफलकडे वळणाऱ्या माणसाला हे जमेल का? आणि नसेल, तर ती अचूकता आणायची कुठून?

पहिल्या भागाचं उत्तर एका शब्दात: नाही. आर्म्स ॲक्ट १९५९ च्या कलम ५ प्रमाणे काडतुसं बनवायला वेगळा परवाना लागतो. रायफल बाळगायचा परवाना मिळाला म्हणजे काडतुसं भरायचीही मुभा मिळाली, असं होत नाही. विनापरवाना बनवल्यास कलम २५ लागतं, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर तिथली किमान शिक्षा ७ वर्षांची आहे. शिवाय .२२ ची पुंगळी मुळात पुन्हा भरण्यासाठी केलेलीच नसते. तिचा पेटता मसाला तळाच्या काठात, म्हणजे रिममध्ये बसवलेला असतो. फायरिंग पिन तो काठ चेपते आणि पुंगळीचं आयुष्य तिथेच संपतं. सेंटरफायर, म्हणजे तळाच्या मध्यावर पेटती टोपी असलेल्या काडतुसासारखी टोपी काढली, नवी बसवली, हा प्रकार इथे नाही. त्यामुळे तुमच्या बाबतीत कायदा बाजूला ठेवला तरी मार्ग बंदच आहे.

आता महत्त्वाचा भाग. ती मंडळी भरणीच्या टेबलावर नेमकं मिळवतात काय? अमेरिकन लष्कराचं एम-११८ एलआर घ्या. ७.६२ बाय ५१ चं काडतूस, १७५ ग्रेनची सिएरा मॅचकिंग गोळी, वेग सेकंदाला साधारण २,६०० फूट. यात जादूची दारू वगैरे काही नाही. गोळीचं कवच सगळीकडे सारख्या जाडीचं, पुंगळीचं पोट सारखं, दारूचं वजन सारखं, गोळीवरची पुंगळीच्या मानेची पकड सारखी. हजार यार्डांवर वेगातला १० फुटांचा फरक गोळीला साधारण ४ इंच वर-खाली करतो, म्हणून हा सारखेपणाचा हट्ट. पण लष्कराला एकच काडतूस हजारो रायफलींमध्ये, थंडीत आणि उन्हात, न अडकता चालवायचं असतं. घरी भरणारा फक्त स्वतःच्या एका नळीसाठी भरतो. तो कारखान्याच्या पुढे जातो तो या एका गोष्टीमुळे, हातात काही वेगळी कला असते म्हणून नव्हे.

आणि एका नळीला काय मानवतं ते शोधायला भरणीचं टेबल लागत नाही. आपल्याकडचे एअर रायफल आणि .२२ चे नेमबाज तेच काम निवडीतून करतात: लॉट टेस्टिंग, म्हणजे कारखान्यातून आलेल्या वेगवेगळ्या खेपा (लॉट किंवा बॅच) आपल्या नळीतून मारून पाहणं.

आधी थोडं गणित, कारण त्याशिवाय कशावर पैसे घालायचे ते कळत नाही. १० मीटरच्या टार्गेटवर दशांश गुणाची प्रत्येक पायरी ०.२५ मिलिमीटरची असते. पेलेटचा, म्हणजे एअर रायफलच्या शिशाच्या गोळीचा, मध्य टार्गेटच्या मध्यापासून २.५ मिमीवर पडला की १०.०, आणि ०.२५ मिमीच्या आत पडला तर १०.९. पेलेट सेकंदाला सरासरी १६५ मीटर वेगाने जातं असं धरा. १० मीटर पार करायला ०.०६ सेकंद लागतात आणि तेवढ्यात ते साधारण १८ मिमी खाली येतं. वेग १ मीटरने कमी-जास्त झाला की ही घसरण सुमारे ०.२२ मिमीने बदलते. ५० मीटरवर पायरी ०.८ मिमीची आणि १०.० ची हद्द मध्यापासून ८ मिमी. तिथे ३२०-३३० मीटर वेगाची .२२ ची गोळी साधारण १२ सेंटीमीटर खाली येते, आणि १ मीटरच्या फरकाने पाऊण मिमी सरकते. योगायोग असा की दोन्हीकडे हिशेब एकच निघतो: वेगातला १ मीटर म्हणजे जवळपास ०.१ गुण. हा फरक फक्त उभ्या रेषेत येतो हे लक्षात ठेवा. ग्रुप, म्हणजे एकाच नेमावर मारलेल्या शॉटच्या भोकांचा झुबका, उंच आणि अरुंद दिसला तर संशय वेगावर घ्या. गोल आणि मोठा दिसला तर पेलेटच्या मापावर, नळीवर किंवा ढिल्या स्क्रूवर.

एअर रायफलपासून सुरुवात करा, कारण ते स्वस्तात होतं. ४.५ मिमी बोअर आणि २० जूलपर्यंतच्या एअरगनला आर्म्स रूल्स २०१६ प्रमाणे परवाना लागत नाही. मॅच एअर रायफल ७.५ जूलच्या आसपास असते, म्हणजे खूपच आत. तरी हे काम रेंजवरच करा. मुंबईतल्या वन-बीएचकेत सरळ १० मीटर मिळत नाहीतच, आणि गच्चीवर कराल तर सोसायटीचा सेक्रेटरी आणि पोलीस बरोबरच जिना चढतील.

मॅच पेलेटच्या डबीवर डोक्याचं माप छापलेलं असतं: ४.४९, ४.५०, ४.५१ वगैरे. आरडब्ल्यूएस आर-१० असो की एच अँड एन फिनाले मॅच, रायफलसाठी ०.५३ ग्रॅमवालं घ्या, त्याच नावाचं हलकं पेलेट पिस्तुलासाठी असतं. दुकानात घाईत ही अदलाबदल सर्रास होते, तेव्हा डबी उलटून वजन वाचा. छापलेलं माप म्हणजे वचन नव्हे. एकाच मापाच्या दोन बॅच वेगळ्या साच्यातून आलेल्या असू शकतात आणि एकाच नळीत वेगळ्या वागतात. म्हणून ‘मला ४.५० चालतं’ या वाक्याला फारसा अर्थ नाही. ‘मला ४.५० ची ही बॅच चालते’ हे खरं वाक्य.

चाचणीसाठी रायफल दस्त्यातून काढून तिची ॲक्शन (नळीमागचा यंत्रणेचा भाग) व्हाइसमध्ये, म्हणजे शिकंज्यात धरतात. पकड ॲक्शनवर, नळी मोकळी. नळी आवळली की तिची थरथर बदलते आणि तुम्ही भलत्याच रायफलची परीक्षा घेता. व्हाइस नसेल तर टेबल, पुढे टेकू, मागे वाळूची पिशवी आणि साइटच्या जागी उधार आणलेली टेलिस्कोप. हेही चालतं, फक्त ग्रुप जास्त मारावे लागतात. सिलिंडर २०० बारला भरून लगेच सुरू करू नका आणि दाबमापकावरच्या हिरव्या पट्ट्याच्या तळापर्यंत रेटूही नका. मधल्या दाबात काम उरका. रायफल अर्धा तास नुसती पडून राहिली असेल तर रेग्युलेटरमध्ये (हवेचा दाब एकसारखा ठेवणाऱ्या भागात) दाब सरकतो, आणि पहिला शॉट उगीच वर किंवा खाली जातो. प्रत्येक ग्रुपच्या आधी दोन शॉट बाजूच्या कार्डावर सोडून द्या.

तीन मापं असतील तर प्रत्येकाचे १० शॉटचे निदान तीन ग्रुप मारा, पण ओळीने नको. आधी ४.४९, ४.५०, ४.५१, मग उलट्या क्रमाने, मग मधल्यापासून. दुपार चढत जाते, एसी चालू-बंद होतो, डोळा थकतो. ओळीने मारलं तर हा सगळा दोष शेवटच्या डबीच्या माथी बसतो.

मोजताना व्हर्नियरने ग्रुपच्या मिळून झालेल्या भोकाचा बाहेरचा व्यास घ्या आणि त्यातून ४.५ वजा करा. मिळालं ते मध्यापासून मध्यापर्यंतचं अंतर. टार्गेटचंच कार्ड वापरा. वहीचा कागद फाटतो, भोक सरळ कापलं जात नाही आणि व्हर्नियर कुठे टेकवायचा हेच कळत नाही. सगळ्यात मोठी चूक मात्र इथे नाही, ती ५ शॉटचा एक सुंदर ग्रुप पाहून डबीच्या प्रेमात पडण्याची आहे. तीच नळी, तीच बॅच, तरी ५ शॉटचा ग्रुप एकदा ०.६ आणि पुढच्या वेळी ०.९ मिमी येणं अगदी सहज घडतं. शिवाय १० शॉटचा ग्रुप सरासरीने ५ शॉटच्या ग्रुपपेक्षा सुमारे पाव पट मोठा येतो, तेव्हा दोन्हींची तुलना करू नका. सर्वात लहान ग्रुपवर निकाल लावू नका. मी सर्वात मोठ्या ग्रुपवर लावतो. मॅचमध्ये ६० शॉट असतात, आणि तो मोठा ग्रुप त्यात कधीतरी येणारच.

पेलेट तोलण्याबद्दल विचाराल म्हणून आधीच सांगतो: एक मिलिग्रॅम दाखवणारा काटा असेल तर करा, पण मोठ्या सुधारणेची आशा नको. चांगल्या बॅचमध्ये वजनं आधीच जवळजवळ असतात. त्यापेक्षा डोळ्यांनी तपासणं जास्त फळतं. पेलेट उजेडात फिरवा, मागच्या पसरट भागाची, म्हणजे घागऱ्याची, कड बघा. कडेला जरासा चपटेपणा, आत अडकलेला शिशाचा किस, डोक्यावर ओरखडा, यातलं काहीही दिसलं की ते सरावात टाका. डबी जमिनीवर पडली असेल तर ती सगळी सरावाचीच समजा. लोड करतानाचा बोटाचा अनुभवही खोटा नसतो. एखादं पेलेट इतरांपेक्षा सैल बसलं तर ते मॅचच्या वेळी मारू नका, काढून दुसरं घ्या.

.२२ ला तत्त्व तेच, फक्त खर्च आणि कागदपत्रं वाढतात. इथे काडतूस परवान्यावर किंवा संघटनेमार्फत येतं, तेव्हा कोणकोणते लॉट मिळतील हे आधी विचारा. वरळीच्या महाराष्ट्र रायफल असोसिएशनमध्ये किंवा पुण्याला बालेवाडीत विचारपूस करा. सोबतच्या नेमबाजांकडून वेगवेगळ्या लॉटचे एकेक ५० चे डबे जमवता आले तर उत्तम. एली कंपनीच्या टेनेक्स काडतुसांच्या डब्यावर लॉट क्रमांकासोबत वेगही छापलेला असतो, त्यामुळे शेजारी ठेवून तुलना सोपी जाते. मॅचची .२२ मुद्दाम आवाजाच्या वेगाखाली ठेवतात. मुंबईच्या ३० अंशांत आवाजाचा वेग ३४९ मीटरच्या आसपास असतो, म्हणजे अंतर पुरेसं राहतं. ‘हाय व्हेलॉसिटी’ लिहिलेली काडतुसं मात्र ५० मीटरच्या मॅचसाठी घेऊच नका.

इथे एक सापळा आहे. .२२ च्या प्रत्येक कंपनीचं वंगण वेगळं, आणि नळीत त्याचा थर बसल्यावरच ती स्थिर होते. एलीवरून लापुआवर गेलात की पहिले १०-१५ शॉट मोजू नका. नळी साफ केल्यावरही तेच. हे न केल्यामुळे चांगला लॉट नापास झाल्याची उदाहरणं प्रत्येक रेंजवर सापडतील. १० शॉटचे चार ग्रुप मारा. सगळे (मध्यापासून मध्यापर्यंत) १६ मिमीच्या आत असतील तर ग्रुप मध्यावर बसल्यावर जवळपास सगळे शॉट दहात जातात. १३-१४ च्या आत सातत्याने राहणारा लॉट मिळाला तर तो घ्यायचाच.

क्रोनोग्राफ, म्हणजे गोळीचा वेग मोजणारं यंत्र, मिळालं तर जरूर लावा, पण न्यायाधीश कागदच. वेगात किंचित जास्त फरक असलेला लॉट काही नळ्यांत अधिक घट्ट ग्रुप देतो. गोळी बाहेर पडताना नळीचं तोंड वर जात असेल, तर उशिरा निघणारी हळू गोळी जरा वरच्या दिशेने सुटते आणि तिची जास्तीची घसरण त्यात भरून निघते. यंत्रावरचा आकडा वाईट, कार्ड मात्र सुंदर, याचं कारण हे.

लॉट सापडला की त्याच आठवड्यात पैसे उभे करा. आठवड्याला ५०० पेलेट, म्हणजे एक डबी संपत असेल तर सहा महिन्यांना २६ डब्या लागतात. तेवढ्या एकाच बॅचच्या घ्या. ‘पुढच्या महिन्यात आणखी घेऊ’ म्हणालात की बॅच बदललेली असते आणि सगळा खटाटोप पहिल्यापासून.

आणि मुंबईची हवा. शिसं दमट खाऱ्या हवेत पांढरं पडतं, हातावर पिठासारखी भुकटी येते. तसं पेलेट मॅचला नको. डब्या हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा आणि पावसाळ्यात पुड्या महिन्याला तापवून सुकवा. .२२ चे डबे मे महिन्यात गाडीच्या डिकीत ठेवू नका. मेणासारखं वंगण मऊ होऊन एका बाजूला उतरतं, आणि तपासून घेतलेला लॉट आता तो लॉट राहत नाही. एसी रेंजमधून थेट बाहेरच्या दमट हवेत रायफल काढली तर धातूवर दव धरतं. केस १५-२० मिनिटं बंदच ठेवा आणि मग उघडा. आणि चाचणीच्या दिवशी शेकड्यांनी पेलेट हाताळलेली असतात, तेव्हा वडापावला हात लावण्याआधी साबणाने धुवा. नुसत्या रुमालाला पुसून शिसं जात नाही.