वजनकाट्यापाशी थांबू नकोस

प्रिय डॉक्टर,
अनेक आशीर्वाद.

सोमवारपासून कमी दिवसांच्या, म्हणजे वेळेआधी जन्मलेल्या बाळांची ओपीडी तुझ्याकडे येतेय, म्हणून माझी एक चूक आधीच सांगून टाकतो. एकतिसाव्या आठवड्यात जन्मलेला, बाराशे ग्रॅमचा मुलगा. महिनाभर काचेच्या पेटीत होता. पुढे दर भेटीला वजन चढलेलं दिसलं की मी खूश, आजी त्याहून खूश. "पोरगं पैलवान हुतंय बघा, डॉक्टर!" दूधकट्ट्यावरून आणलेलं म्हशीचं दूध साखर घालून बाटलीने चाललंय, हे मला दीड वर्षाने कळलं. मी विचारलंच नव्हतं. त्या दिवशी लांबी 78 सेंटिमीटर, वजन साडेतेरा किलो. डब्ल्यूएचओच्या लांबीनुसार वजनाच्या तक्त्यावर टिंब +3 एसडीच्याही (सरासरीच्या वरच्या तिसऱ्या रेषेच्याही) वर गेलं, म्हणजे सरळ लठ्ठपणा. तोवर लांबी कुणी मोजलीच नव्हती. कुणी म्हणजे मीच.

लांबी मोजायला दोन माणसं लागतात. एकाने डोकं धरायचं, दुसऱ्याने गुडघे सरळ करायचे. बाळ रडतं, बाहेर रांग असते, म्हणून ते राहून जातं. वयही दोन वर्षांपर्यंत दुरुस्त करूनच मांड, म्हणजे जितकं लवकर आलं तितके आठवडे वजा करून. हा मुलगा नऊ आठवडे आधी आलेला, तेव्हा त्याच्या पहिल्या वाढदिवसाचं टिंब दहाव्या महिन्यावर पडतं.

पण घाबरून दूध तोडू नकोस. सुरुवातीच्या महिन्यांत मागे पडलेली वाढ भरून निघाली पाहिजे, मेंदूला तिची गरज असते. लांबी रेंगाळते आणि वजन एकेक रेषा ओलांडत जातं, तिथे थांबून विचार कर. घरी सोडताना लिहून दिलेली जास्त कॅलरीची पावडर कित्येकदा तशीच चालू असते, कारण बंद करा असं कुणी सांगितलेलंच नसतं.

आईची फाईलही माग. गरोदरपणाआधीचं वजन, दिवस असतानाची रक्तातली साखर, बीपी. आईचं आधीचं वजन जास्त असणं आणि मुलाचा लठ्ठपणा यांचा संबंध बऱ्याच अभ्यासांत दिसतो. त्याच वजनाने साखरेचा आणि लवकर बाळंतपणाचा धोकाही वाढतो. "तंबाखू खाता का?" विचारलंस तर नाही म्हणतील. "मिश्री लावता का?" विचार. हे सगळं सासूला बाहेर बसवून. महिनाभर वाटीत दूध काढून अतिदक्षता विभागाच्या दाराशी उभी राहिलेली आई आहे ती, तिच्या माथी दोष मारू नकोस.

आणि बारीक दिसणाऱ्या बाळाने फसू नकोस. पुण्याचे मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी पुण्याजवळच्या खेड्यांतली नवजात बाळं इंग्लंडमधल्या बाळांशी ताडून पाहिली. आपली सरासरी 2.7 किलोची, त्यांची 3.5 किलोची. स्नायू आपल्यांचे कमी, चरबी मात्र जवळपास टिकलेली. ती बाळं पूर्ण दिवसांची होती, हे ध्यानात ठेव.

आजीला "दूध बंद" म्हणालीस तर ती ओपीडीच बंद करेल. वर्षानंतर दिवसाला दोन कप पुरे, तेही कपाने. साखर आणि गूळ दोन वर्षांपर्यंत नको. बाकी घरचं जेवण कुस्करून. मी शेवटी तिला म्हटलं, "आजी, तालमीत नुसतं दूध पिऊन कोण पैलवान झालाय? जोरही मारायला लागतात. पोराला खाली सोडा, रांगू दे, पळू दे." हसली, आणि पुढच्या वेळी बाटली घरी ठेवून आली.

लांबी मोजायची फळी कपाटामागे आहे. पायाकडची सरकपट्टी सैल झालीय, स्क्रू आवळून घे.

तुझा,
सर