वाचकांचे प्रश्न : पोलीस भरतीचा अर्ज भरण्याआधी

पोलीस भरतीविषयीची पत्रं या वेळी बरीच आली. ‘नोकरी चांगली आहे का?’ हा सगळ्यांचा समान प्रश्न. पण शिपाई, चालक, राज्य राखीव दल आणि फौजदार (पोलीस उपनिरीक्षक) या चार वेगवेगळ्या नोकऱ्या आहेत, आणि तीच शिपाईची नोकरी मुंबईत एक असते, तालुक्यात दुसरी. म्हणून सुरुवात तिथूनच केली आहे.

प्रश्न : मी बी.ए. झालो आहे, वय २३, परभणी जिल्ह्यात राहतो. मेहुणे म्हणतात, मुंबईत जागा जास्त निघतात, तिथे फॉर्म भर, नंतर बदली करून गावाकडे ये. घरच्यांना वाटतं जिल्ह्यातच भरावा. काय करू?

मेहुण्यांचं पहिलं वाक्य बरोबर आहे, दुसऱ्यात गोम आहे. शिपायाची भरती घटकवार होते. घटक म्हणजे एखादा जिल्हा, आयुक्तालय किंवा लोहमार्ग पोलीस. तुमची सेवाज्येष्ठता त्या घटकाच्या यादीत लागते. विनंतीवरून आंतरजिल्हा बदली मिळते, पण नव्या घटकात तुम्ही यादीच्या तळाशी जाता. हवालदारकी तोंडावर आलेला माणूस गावाकडे आला की त्याच्यानंतर लागलेली पोरं त्याच्या आधी हवालदार होतात. शिवाय इकडे जागा रिकामी हवी आणि तिकडून सोडणारा साहेब हवा. आदेश हातात आहे, पण मनुष्यबळ कमी म्हणून रिलीव्ह करत नाहीत, अशा अवस्थेत माणसं महिनोन्‌महिने अडकतात.

आता मुंबईचा फायदा. आठ तासांच्या पाळीचा प्रयोग २०१६ साली देवनार पोलीस ठाण्यात सुरू झाला, तोही एका शिपायाच्याच सूचनेवरून, आणि मग इतर ठाण्यांत गेला. गणपती, निवडणूक, एखादा मोर्चा आला की आठाचे बारा होतात, पण निदान आठ हा आकडा मोजायला तरी आहे. तोटा घराचा. क्वार्टर मिळेपर्यंत बदलापूर किंवा विरारला भाड्याने राहायचं, आणि लोकलचे तीन तास पाळीत धरले जात नाहीत.

जिल्ह्यात प्रवास वाचतो, घरचं जेवण मिळतं. पण तालुक्याच्या ठाण्यात माणसं मोजकी. बीट अंमलदाराकडे वीसेक गावं, त्यांतले तंटे, समन्स-वॉरंट, यात्रा, रात्रगस्त, सगळं त्याच्याच डोक्यावर. साप्ताहिक सुट्टी ड्यूटी-तक्त्यावर असते, आणि फोन आला की तक्त्यावरच राहते.

तुम्हाला गावाकडेच आयुष्य काढायचं असेल तर पहिलाच अर्ज तिथे भरा, दोन वर्षं जास्त तयारी करावी लागली तरी चालेल. खुल्या प्रवर्गाला वयोमर्यादा २८ आहे, मागासवर्गीयांना ३३, म्हणजे तुमच्या हाताशी वेळ आहे. मात्र एका पदासाठी एकाच घटकात अर्ज करा. ‘इथे नाही तर तिथे’ म्हणून दोन ठिकाणी भरणारे दोन्हीकडून बाद होतात. शिपाई आणि चालक ही पदं वेगळी आहेत, त्यामुळे हलक्या वाहनाचा परवाना असेल तर चालकाचा अर्ज वेगळा भरता येतो. राखीव दलाचंही तसंच, फक्त तिथे ५ किलोमीटर धावावं लागतं आणि नंतर कंपनीबरोबर बिऱ्हाड पाठीवर घेऊन फिरावं लागतं. गडचिरोलीपासून मुंबईपर्यंत कुठेही तंबू पडू शकतो. संसार मांडलेल्या माणसाने याचा आधी घरात बसून विचार करावा.

प्रश्न : शिपायाच्या हातात नेमके किती पडतात? यूट्यूबवर पन्नास हजार सांगतात.

मूळ वेतन २१,७०० रुपये (एस-७ स्तर, पुढे ६९,१०० पर्यंत). महागाई भत्ता समजण्यापुरता ५० टक्के धरला तर १०,८५०. झाले ३२,५५०. यावर घरभाडे भत्ता शहराच्या वर्गाप्रमाणे. क्वार्टर घेतलं की तो बंद. कपातीत एनपीएसचे (राष्ट्रीय पेन्शन योजनेचे) १० टक्के म्हणजे ३,२५५ (सरकार आपले १४ टक्के वेगळे भरतं), व्यवसाय कर महिन्याला २०० (फेब्रुवारीत ३००), गटविमा. वेतनवाढ वर्षाला ३ टक्के, म्हणजे २१,७०० चे पुढच्या वर्षी २२,४००. पन्नास हजार हा पहिल्या महिन्याचा आकडा नाही.

बढती रखडली तरी १०, २० आणि ३० वर्षांनी आश्वासित प्रगती योजनेत वरचं वेतन मिळतं. ही या नोकरीची खरी बळकट बाजू. जुनी पेन्शन मात्र १ नोव्हेंबर २००५ पासून लागलेल्यांना नाही. सेवानिवृत्ती ५८ व्या वर्षी. तुलनेसाठी सांगायचं तर फौजदाराचं मूळ वेतन ३८,६०० पासून सुरू होतं. एमपीएससीसाठी आणखी दोन वर्षं घालवावीत का, हे ठरवताना हा फरक वहीत लिहून समोर ठेवा.

आणि एक. नोकरी लागली की पतसंस्था आणि बँका दारात उभ्या राहतात. लग्न, बुलेट, प्लॉट एकाच वर्षात घेतलेल्याची पगारस्लिप बघितलीत तर ‘सरकारी पगार’ या शब्दाचा अर्थ कळेल.

प्रश्न : मी १९ वर्षांचा असताना गावातल्या भांडणात माझ्यावर गुन्हा दाखल झाला होता. पुढे कोर्टात आपसात मिटलं. आता निवड झाली तर साक्षांकन नमुन्यात (चारित्र्य पडताळणीच्या फॉर्ममध्ये) हे लिहू का? मित्र म्हणतात, मिटलेलं लिहायचं नसतं. (सोलापूर जिल्हा)

लिहा. मित्रांच्या या सल्ल्याने नेमणुका गेल्या आहेत. ‘तुमच्यावर कधी गुन्हा दाखल झाला होता का, अटक झाली होती का’ असा प्रश्न असतो. ‘आज खटला चालू आहे का’ असा नसतो. चारित्र्य पडताळणीचा कागद तुमच्याच पोलीस ठाण्यात जातो आणि तिथे जुनी नोंद निघतेच. मग मूळ भांडण बाजूला राहतं आणि ‘माहिती दडवली’ हेच कारण होतं. सर्वोच्च न्यायालयाने अवतार सिंग प्रकरणात २०१६ साली याची चौकट घालून दिली : क्षुल्लक गुन्हा, तोही खरा खरा सांगितलेला असेल, तर नेमणूक अधिकारी सहानुभूतीने विचार करू शकतो, दडवलेलं असेल तर नेमणूक रद्द करण्याचा अधिकार त्याला मिळतो. सांगितलं म्हणजे नोकरी पक्की असंही नाही. गुन्ह्याचं स्वरूप ते बघतातच.

लिहिताना मोघम नको. गुन्हा रजिस्टर नंबर, कलमं, पोलीस ठाणे, कोर्टाचं नाव, खटल्याचा नंबर, निकालाची तारीख, आणि सोबत निकालाची प्रमाणित प्रत. ही प्रत आजच काढून ठेवा. निवडीनंतर मुदत थोडी असते आणि जुनं प्रकरण रेकॉर्ड रूममधून निघायला वेळ लागतो.

प्रश्न : पोलिसांचं निलंबन इतकं सहज कसं होतं? मुलगा फौजदार व्हायचं म्हणतो, आम्हाला याचीच भीती वाटते.

भीती अगदीच खोटी नाही. लाच घेताना सापडणं वेगळं. त्याची दया नको. पण बरीच बालंटं कागदातून येतात. रात्रपाळीचा ठाणे अंमलदार डोळ्यांसमोर आणा. समोर फिर्याद सांगणारी बाई रडतेय, ११२ चा कॉल आलाय, आणि पथकाने एकाला आणून बाकावर बसवलंय. त्या माणसाची स्टेशन डायरीला नोंद घ्यायची राहिली, किंवा अटकेची वेळ दोन तास उशिराची पडली, तर कोर्टात हजर करण्याचे २४ तास कुठून मोजायचे यावरून सकाळी सगळे अडकतात. मुद्देमालाचंही तेच. सील, लेबल आणि रजिस्टरचा नंबर जुळला नाही की दोन वर्षांनी साक्षीच्या पिंजऱ्यात घाम फुटतो.

फौजदाराच्या डोक्यावर त्यातच तारखा. आरोपी कोठडीत असेल तर दोषारोपपत्र ६० दिवसांत, दहा वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गंभीर गुन्ह्यांत ९० दिवसांत. एक दिवस चुकला तर आरोपी हक्काने जामीन मागतो, आणि दुसऱ्या दिवशी कारणे दाखवा नोटीस येते. १ जुलै २०२४ पासून नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत झडती-जप्तीचं ध्वनिचित्रमुद्रण सक्तीचं झालं. खोटा पंचनामा करणाऱ्याला ते जाचक आहे. सरळ काम करणाऱ्याला तोच मोबाइल वाचवतो, कारण ‘पंच जागेवर नव्हतेच’ हा आरोप टिकत नाही.

निलंबन झालंच तर पहिले तीन महिने साधारण निम्म्या वेतनाइतका निर्वाहभत्ता मिळतो, आणि विलंब निलंबित माणसामुळे नसेल तर नंतर तो वाढवता येतो. दुसरी नोकरी करता येत नाही, मुख्यालयही सोडता येत नाही. निलंबिताला विभागीय चौकशीचं दोषारोपपत्र ९० दिवसांत द्यावं, असा राज्याचा २०१९ चा शासन निर्णय आहे. ती तारीख मुलाने स्वतः मोजावी. कार्यालय मोजून देत नाही.

प्रश्न : मुलींसाठी ही नोकरी कशी?

भरतीत धावणं ८०० मीटर, गोळा ४ किलोचा. प्रसूती रजा १८० दिवस, शिवाय पूर्ण सेवेत १८० दिवसांची बालसंगोपन रजा, वर्षाला जास्तीत जास्त दोन महिने. महिला अंमलदारांना आठ तासांची ड्यूटी देण्याचा पोलीस महासंचालकांचा आदेश २०२१ चा आहे. तो किती पाळला जातो हे घटकप्रमुखावर ठरतं. रजेपेक्षा जास्त त्रास होतो तो बंदोबस्तावरच्या पॉइंटला. सकाळी सातला सोडलेल्या चौकात स्वच्छतागृह नसतं, म्हणून बायका पाणी पिणंच टाळतात आणि मग मूत्रमार्गाचा संसर्ग होतो. पॉइंट मिळाल्याबरोबर जवळची बँक, दवाखाना, शाळा बघून ठेवणं हा जुन्या हवालदारबाईंचा पहिला धडा असतो, तो प्रशिक्षणात शिकवत नाहीत.

प्रश्न : अन्याय झाला तर संघटना नाही म्हणतात. मग दाद कुठे मागायची?

१९६६ च्या कायद्याने पोलिसांच्या संघटना करण्यावर बंधनं आहेत, त्यामुळे मोर्चा-संप विसरा. आधी वरिष्ठांपुढे ओ.आर. मागावा, म्हणजे समक्ष गाऱ्हाणं मांडायची रीतसर वेळ. तिथे जे बोलाल ते लेखी अर्जातही द्या आणि आवक नंबर घ्या. शिक्षेवर विभागीय अपील, त्यानंतर महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण, म्हणजे ‘मॅट’. त्याची खंडपीठं मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला आहेत. बदलीच्या वादात पोलीस अधिनियमाचं कलम २२-न उपयोगी पडतं : अंमलदाराचा एका ठिकाणचा सर्वसाधारण कालावधी पाच वर्षं, फौजदार ते निरीक्षकाचा पोलीस ठाण्यात दोन वर्षं. मुदतीआधी हलवलं तर आदेशात कारण दिलंय का, ते आधी बघा, आणि आदेश मिळाल्याची सही करताना खाली तारीख घालायला विसरू नका.