‘विलाया’ला जिल्हा म्हणू नये

अल्जीरियाच्या स्वातंत्र्ययुद्धावरील लेखात ‘चौथ्या विलायाचे कर्नल’ असा उल्लेख आढळला, तेव्हा ‘विलाया’ म्हणजे काय आणि आपल्या ‘विलायत’शी त्याचे काही नाते आहे का, असे एका वाचकाने विचारले आहे. नाते कसले, शब्द एकच आहे. त्याचे ‘जिल्हा’ असे भाषांतर मात्र मी वारंवार वाचतो आणि दर वेळी अस्वस्थ होतो.

अरबीतील ‘व-ल-य’ या धातूत जवळीक, पालकत्व आणि अधिकार हे तिन्ही अर्थ नांदतात. ईश्वराच्या निकटचा तो ‘वली’. त्याचे अनेकवचन ‘अवलिया’ मराठीने खुशाल एकवचनी केले. कारभार पाहणारा तो ‘वाली’. ‘गरिबाला कोणी वाली नाही’ असे आपण म्हणतो, तो वाली हाच. त्याचा संबंध किष्किंधेच्या वालीशी जोडणाऱ्या विद्वानांनी एवढे तरी सांगावे, की रामाच्या बाणाने पडलेला वानरराज अनाथांचा त्राता कधी झाला? या कारभारी वालीचा अधिकार आणि तो चालतो तो मुलूख, या दोहोंना ‘विलाया’ म्हणतात. आपल्याकडे शब्द फारसीतून आला म्हणून शेवटचा ‘त’ टिकला. अर्थातला अधिकार मात्र गळाला आणि दूरचा मुलूख तेवढा उरला, इतका की मेक्सिकोकडची चिंचही विलायती ठरली.

अल्जीरियात तो अधिकार शाबूत होता. ऑगस्ट १९५६ मध्ये फ्रान्सविरुद्ध लढणाऱ्या नेत्यांच्या सुम्माम परिषदेने लढ्यासाठी सहा विलाया निश्चित केले आणि प्रत्येकाच्या कर्नलकडे लष्करी व राजकीय अशी दोन्ही सूत्रे दिली. राजकारण लष्कराहून वरचढ राहील, हे तत्त्वही याच परिषदेने मान्य केले होते. जुलै १९६२ मध्ये स्वातंत्र्य मिळाले आणि मुक्तिसेनेचे प्रमुख बूमेदियन यांची सीमेपलीकडे उभी राहिलेली सेना स्वातंत्र्यलढ्याचे एक नेते बेन बेला यांना सत्तेवर बसवण्यासाठी राजधानीकडे निघाली, तेव्हा तिची वाट चौथ्या विलायाच्या सैनिकांनी अडवली आणि कालपर्यंतचे सोबती एकमेकांवर गोळ्या झाडू लागले. जिल्हा असे करीत नाही.

‘लष्करी विभाग’ हा पर्यायही मला पटत नाही, कारण अल्जीरियाच्या लष्करी विभागांना आज ‘नाहिया’ हा वेगळा शब्द आहे, तर ‘विलाया’ हा मुलकी प्रांत झाला असून त्याच्या प्रमुखाला ‘वाली’च म्हणतात. युद्धकाळातील विलायासाठी मी ‘सुभा’ सुचवीन.